नवापूरला निघालीस, तर एवढं ऐकून जा

तरुण संघाच्या यादीत तुझं नाव आलंय हे तुझ्या पप्पांकडून कळलं. एप्रिलमधल्या जोडून आलेल्या सुट्टीत चार दिवस नवापूर तालुक्यात, तिथल्या खेड्यातल्या मंडळीकडे जायचं, पोरांचे वर्ग घ्यायचे, संध्याकाळी भजनं, रविवारी उपासना. तुझ्या आईला पाण्याची काळजी लागलीय, पप्पांना एस.टी.ची. मला तुम्हा पोरांच्या उत्साहाची. तो उतू जाऊ नये एवढ्यासाठी हे लिहून देतेय.

एक गोष्ट पक्की धर, म्हणजे बाकीचं त्यातून आपसूक निघतं. त्या गावात मंडळी आधीपासून आहे. त्यांचे पाळक आहेत, पंच आहेत, रविवारची शाळा घेणारी बाई आहे. तुम्ही चार दिवसांनी नगरला परत याल, त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांत तिथंच राहायचंय. तेव्हा काम त्यांचं, तुमचे फक्त हात.

निघायच्या आधी

१. तिथल्या पाळकांना फोन करून "काय करू?" असं विचारा, "आम्ही हे हे करणार" असं कळवू नका – तुम्ही नाटक बसवून जाल आणि त्यांना हवा असेल चर्चच्या भिंतीला चुन्याचा हात.

२. मोह कधी गळतोय ते विचारून घ्या – मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अख्खं घर पोराटोरांसकट झाडाखाली फुलं वेचत असतं. सकाळी सातला भजन ठेवलंत तर तुमचं तुम्हीच ऐकाल.

३. पोरांचे वर्ग उन्हं कलल्यावर ठेवा – एप्रिलात शाळा सकाळची, दुपार पाय पोळणारी. दोन वाजता जमवलेली पोरं पेंगतात, आणि शिकवणारेही.

४. सरपंचांना आणि पोलीस पाटलांना पाळकांकरवी आधीच कळवा – पंधरा अनोळखी पोरं गावात उतरली की चार प्रश्न उठणारच. उत्तर आपल्या आधी पोचलेलं बरं.

५. बरोबर एखादी संसारी बाई आणि एखादा पोक्त पुरुष हवाच – मुली कुठं झोपणार, कोणाला ताप आला, कोण कोणाशी रुसलं, हे रात्री अकराला तिथल्या पाळकांनी निस्तरायचं नसतं.

६. सगळ्यांच्या घरचे नंबर, रक्तगट, कोणाला काय खाल्लेलं चालत नाही, हे कागदावर लिहून दोघांजवळ ठेवा – डोंगराआड रेंज जाते, वही जात नाही.

७. पैसे एकाकडे, हिशेबाची वही दुसऱ्याकडे – दोन्ही एका खिशात गेली की तिसऱ्या दिवशी हिशेबात "साधारण" हा शब्द शिरतो.

सामान

८. एकच पिशवी घे, आणि ती तुझी तुलाच उचलता आली पाहिजे – मनमाड, मालेगाव, धुळे, मग गाडी बदलून साक्री, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर, आणि पुढं गावापर्यंत जीपड्यात कोंबून. पिशवी जड, त्याला वाट द्वाड.

९. गिटार न्यायचीच असेल तर एक न्या – गिटार एकाची, खांदे चौघांचे. शिवाय तिकडे ढोलकी आणि पेटी वाजवणारे असे तयारीचे असतात की तुमची गिटार पहिल्याच रात्री खुंटीला लागते.

१०. तूरडाळ नेऊ नका, हसतील – नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. न्यायचंच तर तेल, साखर, चहा पावडर, भांड्यांचा साबण न्या, आणि तेही पंधरा माणसांना चार दिवस पुरेल एवढं.

११. स्वतःचं ताट, वाटी, पेला, अंथरूण, पांघरूण, बॅटरी आणि डासांचं मलम – एवढं घेतलंस की कोणाच्या घरातली एकुलती एक चादर तुझ्या अंगावर येत नाही.

१२. जलसंजीवनीच्या पुड्या भरपूर घ्या, इतर गोळ्या फक्त स्वतःपुरत्या – गावात कोणाला गोळ्या वाटायच्या नाहीत. बारावी सायन्स म्हणजे डॉक्टर नव्हे, हे तुझ्या भावाला माझ्याकडून सांग.

१३. जुन्या कपड्यांची बोचकी नेऊ नका – न मागता दिलेले कपडे घेणाऱ्याला बोचतात आणि बघणाऱ्याला वेगळाच अर्थ देतात. त्याबद्दल पुढं सांगतेच.

प्रवासाबद्दल फार काही सांगायचं नाही. पोरं एस.टी.त भांडतात, मग एकाच पुड्यातल्या शेंगा खातात, चालायचंच.

१४. मुलींना २०२३ पासून एस.टी.त अर्धं तिकीट आहे, ते वाचलेले पैसे संघाच्या डब्यात घाला – मुलांची कुरकुर तिथंच थांबते.

१५. धुळ्याला गाडी बदलताना आधी माणसं मोजा, मग पिशव्या – पिशवी मागून मागवता येते.

घरी उतरलात की

इथं जरा थांबते, कारण सगळं यश-अपयश याच ठिकाणी ठरतं. तुमचं भजन लोक विसरतील. तुम्ही बादलीभर पाणी कसं वापरलंत ते विसरणार नाहीत.

१६. हातपंप कुठं आहे ते पहिल्या तासात बघून ये आणि दुसऱ्या तासात तिथं घागर घेऊन उभी राहा – एप्रिलात पाणी खाली गेलेलं असतं आणि घरातली बाई तेच पाणी डोक्यावरून आणते. पाणी ओढतो त्याला पाण्याचा हिशेब कळतो.

१७. आंघोळ एका बादलीत, केस धुवायचे ते नगरला येऊन – चार दिवसांत केसांना काही होत नाही, मी सांगते.

१८. पोरांनीही पाणी भरायचं आणि भांडी घासायची – तुमचा संघप्रमुख ताटं घासताना दिसला तर गावातल्या बायका त्याचं प्रवचन जास्त लक्ष देऊन ऐकतात.

१९. स्वयंपाक करणाऱ्या बाईला किती जण जेवणार ते सकाळीच मोजून सांग – नागलीच्या भाकऱ्या थापून होतात, उरल्या तर कडक होतात आणि कमी पडल्या तर ती स्वतः उपाशी झोपते आणि तुम्हाला कळूही देत नाही.

२०. वाढलेलं खा, पहिल्यांदा थोडं घे, मग मागून घे – ताटात टाकलेलं त्यांच्या डोळ्यांना दिसतं, मागून घेतलेलं त्यांच्या मनाला.

२१. तिखट झेपत नसेल तर हसून सांग, नाक मुरडून नको – तिकडच्या मिरचीपुढं आपले नगरचे पैलवानही पाणी मागतात, त्यात लाज नाही.

२२. कोंबडी कापायला निघाले तर "नको" म्हणून बघ, पण दोनदाच – तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे त्यांच्या पाहुणचाराला नकार. कोंबडी तशीही जाणार आहे, निदान मान राखून जाऊ दे.

२३. शौचालय कुठं आहे हे मुलींनी पोचल्या पोचल्या घरातल्या बाईला विचारावं, अंधार पडायची वाट बघू नये – आणि रात्री जाताना जोडीनं, बॅटरी घेऊन.

२४. चपला, बूट, अंथरूण झटकल्याशिवाय वापरायचं नाही – विंचवालाही सावली आवडते.

२५. ख्रिस्ती घरात "सलाम" म्हण, आणि वाटेत कोणी "राम राम" केलं तर हसून "राम राम" म्हण – तुमच्यातला एखादा तिथं अडखळेल, त्याला कोपर मार. माणूस तुझी विचारपूस करतोय, तुझी परीक्षा घेत नाही.

२६. गावाच्या शिवेवर वाघदेवाचं ठाणं दिसलं किंवा कोणी देवमोगरा मातेबद्दल बोललं, तर गप्प बसून ऐक, फोटो काढू नको, टेकायला बसू नको – ज्याच्या घरचं पाणी पितेस, त्याच्या आजोबांचा तो देव आहे. आणि मंडळीतल्या अर्ध्या घरांचे मामा-काका आजही तिथं नारळ ठेवत असतील.

२७. कपडे अंगभर, मुलांनीही अर्ध्या चड्ड्या घालून गावात हिंडायचं नाही – मुलींना सांगायला सगळे असतात, म्हणून मी मुलांचं आधी सांगितलं.

चर्चमध्ये

२८. चपला बाहेर, बसायचं खाली सतरंजीवर, बायका एकीकडे आणि पुरुष एकीकडे असतील तर तसंच, ओढणी डोक्यावर – पहिल्या दिवशी मागच्या रांगेत बसून बाकीचे काय करतात ते बघावं, म्हणजे चुकत नाही.

२९. तुमची दोन गाणी शिकवा आणि त्यांची चार शिका – नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीतून ख्रिस्ताची भक्ती मांडली, 'ख्रिस्तायन' तर लक्ष्मीबाईंनी त्यांच्या माघारी पुरं केलं. आपल्याकडं सूर उसना आणायची गरज शंभर वर्षांपूर्वीच संपलीय, मग स्पीकरवर इंग्रजी गाणी कशाला?

३०. दानाच्या थाळीत प्रत्येकानं स्वतःच्या खिशातलं काहीतरी टाकावं, संघाच्या पैशातलं नव्हे – आणि थाळीत अंडी, दुधी, पायलीभर भात आला आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव झाला, तर बोली लावा. बाजारात दहा रुपयांचा दुधी पन्नासला घ्या आणि रात्री त्याचीच भाजी करा.

३१. प्रवचन द्यायची वेळ आलीच तर दहा मिनिटं, सोपी मराठी – लहान पोरं घरी मावची बोलतात, शाळेतली मराठी त्यांना कष्टानं येते. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण बायबलचं भाषांतर करताना साध्या बाईला कळेल अशीच मराठी निवडली. तुझ्या 'सुसंवाद' आणि 'परिप्रेक्ष्य' यांना घरीच ठेव.

३२. रविवारची शाळा घेणाऱ्या बाईला मध्ये उभी कर, तू बाजूला – ती मावचीत सांगेल, पोरं तिच्याकडं बघतील, आणि तुम्ही गेल्यावरही ती गोष्ट तिच्याच तोंडून पुन्हा ऐकतील.

हे बत्तीस नंबरचं मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं एक सांगते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. मोठा दवाखाना बांधून लोक यायची वाट बघत बसायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांना बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोगाची लक्षणं, पोरांचं वजन हे सगळं शिकवलं. पुढं १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर बाहेरून आले, पण रात्री दोनला दार वाजलं की उठत होती ती गावातलीच बाई. तुम्ही नवापूरला जाता तेव्हा ती बाई कोण आहे हे शोधून काढायचं आणि तिच्या हाताखाली चार दिवस राबायचं. तुमच्या भेटीचा खरा उपयोग झाला तर तिला होईल: पुढच्या वर्षभरासाठी तिच्याजवळ चार नवी चित्रं, दोन खेळ, एक गाणं जास्तीचं राहील.

पोरांबरोबर

३३. ज्यांच्या आईवडलांनी पाठवलंय त्यांनाच वर्गात बसवा, बाकीची कुंपणाबाहेरून बघत असली तर घरी विचारून यायला सांगा – पोर हसत येतं, पण जाब त्याच्या घरचे विचारतात, आणि तो विचारतात पाळकांना.

३४. घरी आईवडील नसतील तर आजीला विचारा – तिकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, पोरं आजीजवळ राहतात. "तुझे पप्पा काय करतात?" हा प्रश्न म्हणून वर्गात उगाच विचारू नको.

३५. पोरासोबत बंद खोलीत एकटं कोणी बसायचं नाही, कायम दोन मोठी माणसं आणि दार उघडं – यात कोणावर संशय नाही, सगळ्यांनाच तेवढी शिस्त. तुमच्यातला जो या गोष्टीवर चिडेल, त्याला स्वयंपाकघरात पाठवा.

३६. उन्हात धावण्याच्या शर्यती ठेवू नका, दर अर्ध्या तासानं सगळ्यांना पाणी पाजा – नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचा आजार बऱ्याच घरांत आहे. त्या पोरांना दमणूक आणि तहान बाधते, अंग असह्य दुखायला लागतं. कोणतं पोर खेळात मागं बसतंय ते बघा, त्याला 'आळशी' म्हणू नका, हळूच बाईंना विचारा.

३७. गोळ्या-चॉकलेट वाटून पोरं जमवायची नाहीत – दुसऱ्या दिवशी पोरं गोष्टीसाठी येतायत की गोळीसाठी, हे तुलाच कळणार नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांना सारखा खाऊ, बस.

३८. नाटकात सैतान काळा रंगवायचा नाही, पापी माणसाला लंगोटी नेसवायची नाही – समोर बसलेल्या पोरांचे आजोबा तसेच दिसतात. एका संघाच्या अशा नाटकानंतर पोरं हसली होती, मागं बसलेले म्हातारे हसले नव्हते. मी तिथं होते, आणि त्या शांततेत मुंगी चालली असती तरी ऐकू आली असती.

३९. गोष्ट त्यांच्या ओळखीची निवड: पेरणारा, हरवलेलं मेंढरू, पाच भाकरी आणि दोन मासे – नदीवर मासे धरणाऱ्या पोराला ती गोष्ट तुझ्यापेक्षा नीट कळते. त्यालाच पुढं सांगू दे.

४०. पोरांची नावं पाठ कर – चौथ्या दिवशी "ए, निळा शर्ट" म्हणालीस तर तीन दिवस फुकट गेले.

४१. पोरांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि विचारून काढलेलेही गावाच्या नावासकट स्टेटसला टाकू नका – फोटो घाईत, पस्तावा सावकाश. फाटका सदरा, शेंबडं नाक असा फोटो तर मुळीच नको. तुझा तसा फोटो मी अजून कोणाला दाखवलेला नाही, लक्षात ठेव.

बोलताना

आता जरा जड विषय. वर कपड्यांबद्दल बोलले होते, तेच इथं पुरं करते.

४२. मदत आणि उपदेश एका हातानं द्यायचे नाहीत – वह्या द्यायच्या तर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींच्या हाती द्या, सगळ्या पोरांना, कुठलंही पत्रक न घालता. नाहीतर वहीची किंमत लागते, आणि ती आपल्या तोंडून कधी सांगितलेली नसली तरी लोक वाचतात.

४३. विचारलं तर आपल्या श्रद्धेबद्दल मोकळेपणी बोल, नाही विचारलं तर घागर उचल – घटनेच्या २५ व्या कलमानं आपला धर्म पाळायचा आणि सांगायचाही हक्क दिलाय, पण सुव्यवस्था राखून. तू तिथून निघून आल्यावर सुव्यवस्थेत राहायचंय त्या गावानं, हे विसरू नको.

४४. "चला, पलीकडच्या गावातही येऊन भजन करा" असं आमंत्रण ऐन वेळी आलं तर पाळकांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका – तिकडे हद्द चटकन ओलांडली जाते आणि गुजरातेत २००३ पासून धर्मांतराविषयी वेगळा कडक कायदा आहे. कोणत्या रस्त्यावर काय चालतं हे तिथल्या माणसाला कळतं, आपल्याला नाही.

४५. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, पण "आता बरे झालात, गोळ्या सोडा" असं तुमच्यातल्या कोणाच्या तोंडून येता कामा नये – टीबीच्या गोळ्या अर्ध्यात सोडल्या तर आजार उलटून अधिक चिवट होतो. प्रार्थना करून झाली की "पुढची गोळी कधी घ्यायची?" हेही विचार.

४६. साप चावला तर आधी १०८ ला फोन, मग जी मिळेल ती गाडी, आणि प्रार्थना गाडीत – मंत्रतंत्राच्या नावाखाली सर्पदंशाचा उपचार रोखणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. भगतानं रोखलं तरी, आणि आपल्यातल्या एखाद्या अतिउत्साही भावानं रोखलं तरी.

४७. कोणी येऊन दरडावलं, व्हिडिओ काढायला लागलं, तर वाद घालू नका, पाळकांना आणि पोलीस पाटलांना पुढं करा – खरं उत्तर असलं तरी ते चिडलेल्या आवाजात देऊ नये. मुलांना हे आधी दोनदा सांग, विशेषतः जो कॉलेजात वक्तृत्वाची ढाल जिंकून आलाय त्याला.

४८. "आमच्या मुलीला पुण्याला नोकरी बघा," "पोराचं अॅडमिशन करून द्या" असं कोणी म्हटलं तर "बघते" म्हणू नको, "मला जमणार नाही, पण विचारून कळवते" म्हण, आणि खरंच विचार – जीभ देते, पाय विसरतात. आपल्यासाठी ते निरोपाचं बोलणं असतं, त्यांच्यासाठी पावसाळाभर वाट बघणं.

४९. "पुढच्या वर्षी नक्की येऊ" हेही त्यातलंच – यायचं असेल तर या, सांगू नका.

तुमचं तुमच्यात

५०. रोज रात्री झोपायच्या आधी पंधरा मिनिटं गोल करून बसा: आज काय चुकलं, उद्या कोण काय करणार – मनातलं त्याच रात्री बोललं की घाटात भांडण होत नाही.

५१. तुमच्यात कोणाचं कोणाशी जमत असेल तर ते नगरला परत आल्यावर जमू द्या – खेड्यात सगळ्यांना सगळं दिसतं, आणि चर्चा तुमची न होता मंडळीची होते. मी कोणाचं नाव घेतलं नाही. तुझे कान लाल का झाले?

५२. पाळकांच्या घरच्या बाईला एक दिवस पूर्ण सुट्टी द्या, स्वयंपाक तुम्ही करा – भात करपला तरी चालेल. ती पुढं चार महिने हसून सांगेल.

परतताना

५३. निघायच्या दिवशी चर्च झाडून, भांडी मोजून, चूल सारवून द्या – गावानं तुमच्यामागं केर काढायचा नसतो.

५४. जेवणाचा शिधा संपला असेल तर त्याचे पैसे पंचांकडे द्या, पाकिटात घालून, सगळ्यांसमोर नव्हे – ते नको म्हणतील, दानाच्या पेटीत टाकून या.

५५. वेळ असेल तर नवापूरच्या रेल्वे स्टेशनावर जा, अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत, एका बाकड्याच्या मधोमध हद्द जाते – तिथं बसून हवे तेवढे फोटो काढा, स्टेटसला टाका, हे फोटो मी स्वतः मागतेय.

५६. पुढच्या रविवारी आपल्या चर्चमध्ये तुम्हाला पाच मिनिटं बोलायला लावतील, तेव्हा "आम्ही दिलं, आम्ही केलं" असं न म्हणता तिथल्या बाईंचं नाव घ्या, त्यांचं एक भजन ढोलकीवर म्हणा – आणि "बिचारे गरीब लोक" हे शब्द कोणी उच्चारले तर मी पहिल्या रांगेतून खोकेन.

५७. चांगले फोटो छापून, नावं लिहून, पाळकांच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवा – फोनमधला फोटो फोनबरोबर जातो, छापलेला भिंतीवर लागतो.

५८. हिशेबाची वही परत आल्यावर दोन दिवसांत खजिनदारांकडे द्या, बसच्या तिकिटांसकट – ते तिकिटं मोजतात, मला अनुभव आहे.

आणि हो, धुळ्याहून निघताना घरी फोन कर. तुझी आई तोपर्यंत जेवत नाही, आणि तुझे पप्पा मला फोन करत राहतात.